ताबा आणि वास

मराठीत ताबा हा शब्द जमिनीला लागतो, दुकानाच्या गाळ्याला लागतो, जप्त केलेल्या मालाला लागतो आणि आईबाप वेगळे झाले की मुलालाही लागतो. बिल्डर सदनिकेचा ताबा देतो, बेलिफ घराचा ताबा घेतो आणि कुटुंब न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज दाखल होतो. मूल ही मालमत्ता नव्हे, हे न्यायालयांनी निकालांतून अनेकदा बजावले आहे. शब्द मात्र तोच राहिला. अशा एखाद्या घरात आणखी एक जीव असतो, ज्याला कायदा खरोखरच जंगम मालमत्तेत धरतो. त्याच्या ताब्यासाठी सहसा कोणी अर्ज करीत नाही. कुत्रे ज्याच्याकडे उरते त्याचे होते.

ताब्याचा दावा कसा चालतो, हे वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे. घरी उरलेल्या कुत्र्याच्या बाजूने ते मांडले तर टप्पे तेच राहतात, मापे बदलतात.

उदाहरणासाठी पुण्यातले एक घर धरावे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरची सदनिका. बाप, आई, चार वर्षांची मुलगी आणि रस्त्यावरून उचलून आणलेली बिस्किटी रंगाची एक गावठी कुत्री. कुत्रीचे नाव मुलीने ठेवलेले, खारी. दुधात बुडवलेली खारी तोंडापर्यंत जाताना निम्मी गळते, आणि ती फरशीवर पडायच्या आत कुत्री झेलते. तेव्हा जी खाली पडते ती खारी आणि जी झेलते तीही खारी, असा मुलीचा हिशेब. एका सकाळी आई मुलीला घेऊन नागपूरला माहेरी जाते. का जाते, याची दोन उत्तरे पुढे दोन प्रतिज्ञापत्रांत लिहिली जातील आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत. खारीला त्यांपैकी एकही ठाऊक नाही. घरात चार वास होते, त्यातले दोन ताजे व्हायचे थांबले, एवढेच तिच्या नोंदीला आहे.

ही नोंद ठेवणारे नाक साधे नव्हे. माणसाच्या नाकात गंध टिपणारे ग्राही साठएक लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात ते जातीनुसार कोट्यवधी, काही जातींत तीस कोटींपर्यंत. डोळ्यांनी कुत्र्याला निळे आणि पिवळे रंग तेवढे नीट कळतात, लाल आणि हिरव्यातला फरक बहुतेक हरवतो. म्हणून फ्रीजवर चिकटवलेले मुलीचे लाल कौलांचे घर खारीच्या लेखी एक मळकट कागद आहे, पण दिवाणाखाली राहून गेलेला पायमोजा म्हणजे अख्खी मुलगी. तो पायमोजा ती तोंडात धरून दाराजवळच्या पायपुसण्यावर आणते आणि त्यावर हनुवटी टेकून पडते. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना बाप तो उचलतो, बादलीपर्यंत नेतो, थांबतो, आणि पुन्हा पायपुसण्यावर ठेवतो. या दाव्यात बापाने केलेला हा पहिला अर्ज म्हणता येईल, आणि तो लगेच मंजूर झाला.

पुढचे इतके सोपे नाही. मराठीत वास या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नाकाचा, दुसरा राहण्याचा, जो सहवासात, वनवासात आणि सासुरवासात दिसतो. न्यायालयातली पहिली लढाई या दुसऱ्या अर्थावर होते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या नवव्या कलमाप्रमाणे मुलाचे वास्तव्य सामान्यतः जिथे असेल, त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. चार वर्षे कोथरूडला काढलेल्या आणि चार महिने नागपुरात असलेल्या मुलीचे सामान्य वास्तव्य कुठले? बापाचा वकील बालवाडीचा दाखला आणि लसीकरणाचे कार्ड जोडून पुणे म्हणतो. आईचा वकील नव्या शाळेची फी भरल्याची पावती जोडून नागपूर म्हणतो. दोघांचेही म्हणणे खरे असते. खारीला याचे उत्तर सोफ्याच्या दोन गाद्यांमधल्या फटीत मिळते, पण दर आठवड्याला ते थोडे पातळ होत जाते. न्यायालयातही तसेच घडते: मूल जितके दिवस नव्या गावी काढील, तितके ते तिथले ठरत जाते. दोन्हीकडे दिवस एकाच बाजूला झुकतात.

आपल्या उदाहरणात नागपूर ठरते. पुण्याहून रेल्वेने दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा घेत जावे लागते. बहुतेक जण रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतात. कलमात फक्त एक ठिकाण ठरते, बापाच्या आयुष्यातल्या पुढच्या कित्येक रात्री मात्र त्या एका ठिकाणाने ठरवल्या जातात.

मुलगी चारच वर्षांची असल्यामुळे वकील पहिल्याच भेटीत १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे सहावे कलम वाचून दाखवतो. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून त्यात आधी बापाचे नाव आहे, त्याच्यानंतर आईचे. आणि लगेच पुस्ती जोडली आहे की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. बापाला पद मिळते, मूल आईला. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’चाही अर्थ मोकळा केला: बाप हयात असूनही मुलाच्या संगोपनात त्याचा हात नसेल तर आईच नैसर्गिक पालक. तो खटला उभा राहिला होता मुलाच्या नावाने घ्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर सही कोणाची चालेल, या प्रश्नातून. पुढे २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या रोक्सन शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की पाचाच्या आतले मूल आईकडे राहू नये असे ज्याला वाटते, त्याने त्याची कारणे सिद्ध करावीत. या सगळ्यावर १९५६ च्याच अधिनियमाचे तेरावे कलम आहे, मुलाचे हित सर्वांत वर. २००८ च्या गौरव नागपाल खटल्यात हेच ठासून सांगितले गेले की प्रश्न आईबापांच्या हक्कांचा नाही, मुलाच्या हिताचा आहे. हित म्हणजे काय, याची मात्र काटेकोर व्याख्या नाही. १८९० च्या कायद्यात वय, धर्म, पालकाचे चारित्र्य, कुवत, नात्याची जवळीक अशी एक यादी आहे. बाकी न्यायाधीशाच्या अनुभवावर सोडले आहे, आणि ते बरेच झाले, कारण काटेकोर व्याख्येत बसणारे मूल अजून जन्मायचे आहे.

अशा दाव्यांसाठी वेगळे कुटुंब न्यायालय हवे, तिथे भांडण वाढवण्याऐवजी मिटवण्याचा प्रयत्न आधी व्हावा, या हेतूने १९८४ चा कुटुंब न्यायालय अधिनियम झाला. त्यात समुपदेशकांची तरतूद आहे, पक्षकाराने सांगितले तर सुनावणी बंद दाराआड होते, आणि वकील घेऊन येणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात काळे कोट तिथेही भरपूर दिसतात. वकीलपत्र, नोटीस, बेलिफ, ‘से’ दाखल करायला मुदत, समुपदेशकाकडे तीनचार बैठका, ‘तडजोड शक्य नाही’ असा अहवाल, मग अंतरिम अर्ज, मग पुन्हा ‘से’. न्यायालयीन मराठीत ‘म्हणणे’ असा चांगला शब्द असूनही बोलताना सगळे ‘से’च म्हणतात.

खारीच्या लेखी या सगळ्याचे नाव तारीख. ती ओळखू येते आदल्या दिवशीच: पांढऱ्या शर्टाला इस्त्री, बुटांचे पॉलिश, कपाटावरून खाली येणारी काळी सॅक आणि तिच्यात सरकवलेली फाईल. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे किल्ली जाते. मग एक रात्र, एक दिवस आणि आणखी एक रात्र. तिसऱ्या दिवशी पहाटे कुलपात किल्ली फिरते तेव्हा बाप पाहायच्या आधी खारीला कळलेला असतो: डिझेल, रात्रभरचा घाम, बसमधल्या घोंगडीचा कोंदट वास, आणि हंगाम असेल तर संत्री. नागपुरी संत्र्याचे दोन बहर. आंबिया बहराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृग बहराची उन्हाळ्याच्या तोंडावर. लिंबाच्या जातीच्या फळांचा वास बहुतेक कुत्र्यांना सोसत नाही. खारी शिंकते आणि तरीही सॅकपासून हलत नाही. तिच्या नाकाच्या हिशेबाने दावा तीन आंबिया आणि तीन मृग चालला. न्यायालयाच्या हिशेबाने साडेतीन वर्षे.

“काय झालं?” काकू दारातून विचारतात.

“तारीख पडली.”

हे दोन शब्द ऐकून काकूंना जेवढे कळते, त्याहून खारीला अधिक कळलेले असते, असे मानायला जागा आहे. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात एक प्रयोग झाला. ३६ माणसांना तोंडी गणिताचे अवघड काम देण्याआधी आणि दिल्यानंतर त्यांचा घाम आणि श्वास कापडावर टिपला, आणि चार प्रशिक्षित कुत्र्यांना त्यातला ताणाखालचा नमुना ओळखायला लावले. शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा त्यांनी तो अचूक ओळखला. त्याआधी २०१९ मध्ये स्वीडनमधल्या लिन्शॉपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतले कॉर्टिसॉल मोजले होते. केस महिनोन्‌महिने वाढत असल्यामुळे त्यात दीर्घकाळच्या ताणाची नोंद राहते. माणसाची पातळी जिथे चढलेली होती तिथे कुत्र्याचीही चढलेली दिसली. तारखेला निघायच्या आदल्या रात्री बाप अंथरुणात कूस बदलत असतो आणि दाराजवळ पायपुसण्यावर नखांचा आवाज होत असतो, त्याचे कारण या केसांत सापडते.

आता खर्च. वकिलाची फी कुठे ठोक ठरते, कुठे दर तारखेला. त्याशिवाय टायपिंग, नोटरी, झेरॉक्सचे गठ्ठे, प्रमाणित नकला, ट्रॅव्हल्सचे तिकीट, लॉजवरची खोली आणि बुडालेली रजा. ज्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतात त्या दिवसाचाही खर्च तेवढाच होतो. दोन्ही पक्षांना मिळकत, कर्ज आणि खर्च यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पोटगीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुनाच घालून दिला. कुत्र्याचे खाणे आणि रेबीजची वार्षिक लस बाप त्यात किरकोळ खर्चात बसवतो. कुत्रे अशा कागदांत कधी ठळकपणेही येते: २०२३ मध्ये वांद्र्याच्या महानगर दंडाधिकाऱ्यांनी एका महिलेची अंतरिम पोटगी ठरवताना तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा विचार केला होता, आणि पाळीव प्राणी हे सभ्य जीवनमानाचा भाग आहेत, असे म्हटले होते. गावठी खारीच्या वाट्याला एवढा परिच्छेद आलेला नाही.

बापाच्या वहीत खर्च रुपयांत लिहिला जातो, खारीकडे तो घरातून बाहेर गेलेल्या वस्तूंच्या क्रमाने साठतो. मुदत ठेव मोडली तेव्हा घरात काहीच बदलले नाही, कारण मुदत ठेवीला वास नसतो. मग गाडी गेली. मुलीचा वास सर्वांत जास्त गाडीच्या मागच्या सीटवर होता. तिथे चार वर्षांचे दूध सांडलेले, खारीचा चुरा शिवणीत अडकलेला. विकण्याआधी बापाने ती गॅरेजमध्ये नेऊन आतून शाम्पूने धुऊन घेतली, कारण तशी चांगली किंमत येते. परत आणलेल्या गाडीत खारी एकदाच चढली, वास घेतला आणि लगेच उतरली. त्यानंतर पिशवीतले तयार खाद्य बंद होऊन भात आणि कोंबडीचे पाय सुरू झाले. हा बदल तिला पसंत पडला, हे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या वर्षी कोथरूडचे घर सुटले आणि धायरीला एका खोलीत बिऱ्हाड आले. नव्या खोलीत आधीच्या भाडेकरूच्या उदबत्तीचा आणि कुणाच्या तरी मांजराचा वास होता. सोफा नव्हता, त्यामुळे ती फटही नव्हती. पायमोजा तेवढा आला.

नागपुरातही एक घर असाच खर्च करीत असते. तिथेही कोणी दागिना मोडते, नोकरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकते, रात्री मुलीला थोपटताना उद्याच्या उलटतपासणीचे प्रश्न मनात घोळवते. ते सारे खारीच्या नाकाच्या टप्प्याबाहेर आहे. बापाच्या कपड्यांवर चिकटून येईल तेवढेच नागपूर तिला माहीत.

अंतिम निकाल लागेपर्यंत मुलाची आणि दूरच्या पालकाची तोडातोड होऊ नये म्हणून न्यायालय भेटीची वेळ ठरवून देते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही, वेगळ्या झालेल्या आईबाप दोघांशीही नियमित संबंध राखणे हा मुलाचा हक्क म्हटलेला आहे. म्हणजे भेट ही बापावर केलेली मेहेरबानी नव्हे. व्यवहारात महिन्यातला एखादा शनिवार मिळतो, दोनतीन तास, न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत. भिंतीवर रंगवलेले ससे, एक घसरगुंडी, चाके निघालेल्या मोटारी, येण्याजाण्याच्या वेळेची नोंदवही. पहिल्या भेटीत मूल बहुधा दारातच आईला चिकटून राहते. दुसऱ्या तासाला ते खेळायला लागते. तिसऱ्याला वेळ संपते.

ही भेट खारीपर्यंत पोचते ती शर्टावरून. पहाटे बाप दारात बूट काढून उभा राहतो आणि उभाच राहतो, कारण खारीचे काम अजून झालेले नसते. ती पायांपासून सुरुवात करते. पॅंटच्या गुडघ्याशी थांबते, जिथे कोणी बसले होते. मग मागच्या दोन पायांवर उभी राहून उजव्या बाहीवर नाक लावते. श्वास आत, श्वास बाहेर, भराभर. कुत्री बाहेर टाकलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून सोडतात, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. बाही ओली होते. पाच मिनिटे कोणी काही बोलत नाही. तो शर्ट त्या दिवशी धुतला जात नाही, खुर्चीच्या पाठीवर राहतो. काही पहाटे ती गुडघ्याशी थांबतच नाही. डिझेल आणि घोंगडी, बस्स. मुलीला ताप होता म्हणून आणले नव्हते, किंवा आणखी काही. अशा दिवशी काकूंना विचारावे लागते, खारीला नाही.

मधल्या काळात व्हिडिओ कॉल असतात. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलवरून संपर्काची सोय असावी, असे सांगितले. रविवारी सायंकाळी फोन डब्याला टेकवून उभा केला जातो आणि त्यातून ‘खारी, खारी’ अशी हाक येते. खारीचे कान उभे राहतात. ती पडद्याला नाक लावते, तिथे काच आणि बापाच्या बोटांचे तेल. मग ती फोनच्या मागे जाऊन पाहते. तिथे डबा. पलीकडे मुलगी खळाळून हसते, म्हणून बाप पुढच्या रविवारीही फोन तिथेच ठेवतो. काही महिन्यांनी खारी मागे जायचे सोडते. हाक आली की नुसती शेपटी एकदा फरशीवर आपटते.

मूल जरा मोठे झाले की न्यायाधीश त्याला स्वतःच्या दालनात बोलावून विचारू शकतात. १८९० च्या कायद्यात समजून-उमजून पसंती सांगण्याइतपत वय असेल तर ती विचारात घेण्याची मुभा आहे. आता सात वर्षांची झालेली मुलगी मोठ्या खुर्चीत बसते, तिला चॉकलेट दिले जाते आणि शाळा, मैत्रिणी असे करत करत प्रश्न तिथे येतो. या प्रसंगी मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते काय असते? येथे कुत्र्यांवरचा एक प्रयोग आठवणे अप्रस्तुत नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये कुत्र्यांचा ‘अपराधी चेहरा’ तपासला. खाऊ नको म्हटलेला पदार्थ कुत्र्याने खाल्ला की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध लागला नाही. मालक रागावला की तो चेहरा आपोआप होई, निरपराध कुत्र्याचासुद्धा. म्हणजे तो चेहरा कबुली नसतो, समोरच्याच्या चेहऱ्याला दिलेले उत्तर असते. सात वर्षांचे मूल कुत्रे नव्हे, पण दालनाबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला काय ऐकायचे आहे हे ओळखण्यात तेही मागे नसते. न्यायालयांना याची जाण आहे. २०१७ च्या विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका पालकाच्या मनातली अढी मुलाच्या तोंडून बोलू लागते त्या प्रकाराची दखल घेतली. तिथे मुलगी बापाकडे वाढत होती आणि तिचा ताबा आईला देण्यात आला. अढी भरवणारा पालक प्रत्येक वेळी आईच असतो, असे समजणाऱ्या बापांनी तो निकाल वाचावा.

साक्षीदार म्हणून खारी कुचकामाची आहे, हे इथे मान्य केले पाहिजे. पुराव्याच्या शास्त्रात हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष जपून घ्यावी असे सांगतात, आणि भात घालणाऱ्या माणसाच्या पायाशी झोपणारी कुत्री त्या वर्गातच मोडते. बाप आईशी त्या सकाळच्या आधीच्या वर्षात कसा वागला, हे ती सांगणार नाही; आवाज चढले की ती दिवाणाखाली जात असे, एवढेच. तिच्या नजरेतून पाहिले तर हा दावा बापाच्या बाजूने आपोआप रंगतो, आणि त्या नजरेचा मोह पडणारे त्या रंगाला निष्ठा म्हणतात. पण तिच्या वागण्यात एक गोष्ट त्या रंगाशी जुळत नाही. कोथरूड सुटायच्या आधी घरात आईची एक जुनी ओढणी मोलकरणीने पुसायला काढली होती. खारीने ती बादलीतून ओढून पायमोज्याशेजारी नेऊन ठेवली. विरुद्ध पक्ष नावाची काही चीज असते, हे तिच्या डोक्यात अजून शिरलेले नाही.

न्यायाच्या दारात कुत्र्याचे येणे आपल्याकडे नवे नाही. महाभारत ज्या कथांनी सुरू होते त्यातली एक आई आणि मुलाचीच आहे. जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी एका कुत्र्याच्या पिल्लाला मारले. पिल्लू रडत आईकडे, सरमेकडे गेले: मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा सत्रात गेली आणि तिने कारण विचारले. कोणी उत्तर दिले नाही. आजच्या भाषेत, ‘से’ दाखल झाला नाही. मग सरमेने शाप दिला. रामायणाच्या उत्तरकांडातही डोके फुटलेला एक कुत्रा रामाच्या दरबारात फिर्याद घेऊन उभा राहतो, आणि त्याला आत घेतले जाते. महाप्रस्थानिक पर्वातले कुत्रे सर्वांना माहीत आहे. हस्तिनापुरापासून ते पाच भाऊ आणि द्रौपदी यांच्यामागे चालत येते, एकेक जण पडतो, ते चालत राहते, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. कथा सांगताना बहुधा इथे निष्ठेचे कौतुक करून थांबतात. त्या कुत्र्याच्या रूपात धर्म होता, आणि धर्म हा युधिष्ठिराचा बाप, हे कमी जणांच्या ध्यानात राहते. मुलाच्या मागून, ओळख न देता, हिमालयापर्यंत बाप चालत आला होता, आणि मुलाने त्याला कुत्रा समजूनच सोबत ठेवले होते.

धायरीच्या बापाला इतका लांबचा वेष मिळालेला नाही. त्याला निकाल मिळतो. ताबा आईकडे राहतो. बापाला दर महिन्याला नागपुरात एक दिवस, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा उत्तरार्ध. अपील करायला तीस दिवस असतात. वहीतली बेरीज पाहून बाप ते करीत नाही. दोन्ही पालकांनी मिळून ताबा सांभाळण्याची पद्धत कायद्यात यावी, अशी शिफारस विधी आयोगाने मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात केली होती. संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही, तरी न्यायालये सुट्ट्यांची विभागणी करून त्याच्या जवळपास जातात. असा आदेश मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालतो. खारी मुलीहून दोन वर्षांनी लहान. गावठी कुत्री काटक असतात, नीट राखली तर बारा-चौदा वर्षे जगतात. आदेशाची मुदत संपेल तेव्हा ती सोळांची झालेली असेल, म्हणजे बहुधा नसेल.

उन्हाळ्याच्या पहिल्या सुट्टीत मुलगी धायरीला येते ती आठ वर्षांची, पुढचे दोन दात नवे, केस कापलेले. जिन्यात तिची पावले थबकतात, कारण फोनमधली खारी लहान दिसायची आणि दारातली मोठी आहे, तोंडाभोवती पांढरे झालेली. खारी अंगावर धावत नाही. ती आधी बॅग हुंगते, मग बुटांच्या नाड्या, मग गुडघा. गुडघ्याशी ती बराच वेळ थांबते. मग वळते आणि पाठीमागून येऊन मुलीच्या पायावर बूड टेकवून बसते, तिच्याकडे न पाहता, पूर्वी खाण्याच्या वेळी बसायची तशी. मुलगी पाय हलवत नाही. थोड्या वेळाने विचारते, “बाबा, हिला अजून खारी लागते?”

बेकरी कोपऱ्यावर आहे. पुढचे पंधरा दिवस पाव किलो खारी तीन दिवसांत संपते.

परतीची ट्रॅव्हल्स रात्री आठची असते. काळी सॅक खाली आली की खारी जाऊन तिच्यावर बसते आणि हाक मारली तरी उठत नाही. उचलावे तर अंग सैल सोडते, वजन दुप्पट होते. खारीचा तुकडा दाखवून, गोंजारून, शेवटी मुलीने कानात काहीतरी सांगून तिला उठवावे लागते. यात वेळ जातो. म्हणून दर सुट्टीत बॅग दुपारी चारलाच भरायला घेतात.